डोंगरातील निवांत रस्ते

फ्रान्स देशाची ओळख आपल्याकडे बहुधा पॅरिसच्या वाटेने होते. चित्रशाळा, राजप्रासाद आणि क्रांतीच्या स्मृती यांपलीकडचा फ्रान्स सहसा आपल्या वाटेला येत नाही. तथापि त्या देशाच्या दक्षिणार्धात, जवळजवळ मध्यभागी, एक विस्तीर्ण डोंगराळ प्रदेश पसरलेला आहे. त्याला ‘मासिफ सांत्राल’, म्हणजे मध्यवर्ती पहाड, असे म्हणतात. देशाच्या क्षेत्रफळाचा सुमारे सहावा हिस्सा त्याने व्यापला आहे. आल्प्ससारखी हिमशिखरे येथे नाहीत. सर्वांत उंच माथादेखील १,९०० मीटरला पोचत नाही. येथे आहेत ग्रॅनाइटचे गोलसर डोंगर, थंडावलेल्या ज्वालामुखींचे सुळके, खोल कापलेल्या नद्यांच्या दऱ्या आणि काळ्या कातळाची उघडी पठारे. हा कातळ आपल्या दख्खनच्या कातळासारखाच लाव्ह्यापासून झालेला असल्यामुळे सह्याद्री पाहिलेल्या माणसाला तो अगदीच परका वाटू नये.

या प्रदेशाला सायकलस्वारांच्या जगात एक निराळे स्थान आहे. आर्देश, लोझेर, कांताल, क्रझ अशा जिल्ह्यांतील आतले रस्ते अरुंद असले, तरी डांबरी आणि बहुधा सुस्थितीत असतात. ते दरीच्या कडेने, चेस्टनटच्या राईतून आणि गवताळ माळांवरून वळणे घेत जातात, आणि त्यांच्यावर वर्दळ जवळजवळ नसते. स्वाराला ऐकू येतो तो साखळीचा मंद आवाज, ओढ्याचे पाणी, गुरांच्या गळ्यातील घंटा आणि चढावर लागलेला स्वतःचा श्वास. मोटार येते तेव्हा ती पुष्कळ आधी ऐकू येते, आणि ती गेल्यावर पुन्हा सारे पूर्ववत होते. दाट वस्तीच्या पश्चिम युरोपात हा निवांतपणा दुर्मिळ आहे. म्हणूनच इंग्लंड, हॉलंड, बेल्जियम अशा देशांतून माणसे केवळ त्यासाठी येथे येतात.

ज्या प्रदेशात माणसे थोडी, तेथे इतके रस्ते कशासाठी बांधले गेले? आणि रस्ते इतके आहेत, तर त्यांवरून जाणारे कोठे गेले? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधू लागले म्हणजे सायकलीचा हा साधा छंद कायदा, यंत्र आणि एका लोकसमूहाचे स्थलांतर या तिन्हींच्या इतिहासाशी गुंतलेला दिसतो.

प्रथम रस्त्यांविषयी. अठराव्या शतकात फ्रान्समधील रस्ते वेठीवर होत असत. शेतकऱ्याने वर्षातून ठराविक दिवस आपले श्रम, बैल आणि गाडी सरकारी रस्त्यासाठी विनामोबदला द्यावी, असा शिरस्ता होता. वेठीने केलेले काम जसे असायचे तसेच ते असे. दगड टाकायचे, दिवस भरायचे आणि घरी जायचे. या पहाडाच्या पश्चिम अंगाला असलेल्या लिमुझँ प्रांतात १७६१ ते १७७४ या काळात त्युर्गो हा प्रांताधिकारी होता. पुढे तो राज्याचा अर्थमंत्री झाला. त्याने आपल्या प्रांतात वेठ बंद करून तिच्या जागी पैशाच्या रूपाने कर घेतला आणि मजुरांना रोजंदारी देऊन रस्ते बांधविले. त्याच्या हाताखाली त्रेझागे नावाचा कुशल अभियंता होता. त्याने मोठे दगड तळाशी उभे बसवावे, त्यांवर लहान दगड आणि सर्वांत वर कठीण खडीचा थर द्यावा, आणि रस्त्याचा माथा किंचित फुगीर ठेवून पाणी दोन्ही बाजूंस काढून द्यावे, अशी पद्धत घालून दिली. त्याचा याहून महत्त्वाचा आग्रह असा की, रस्ता एकदा बांधून भागत नाही. रोज त्याची निगा राखणारा माणूस नेमावा लागतो. रस्त्याचा ठरलेला तुकडा सांभाळणारा असा पगारी कामगार पुढे फ्रान्सभर परिचित झाला. आपल्याकडील बांधकाम खात्यात ज्याला मैलकुली म्हणत आले, त्याचाच तो भाऊबंद होय.

परंतु हे झाले मोठ्या रस्त्यांचे. खेड्यापाड्यांना जोडणारे आडमार्ग सुधारले ते २१ मे १८३६ च्या कायद्याने. या कायद्याने गावाच्या हद्दीतील रस्त्यांची देखभाल प्रत्येक ग्रामसंस्थेवर बंधनकारक केली. त्यासाठी गावाने थोडा जादा कर बसवावा आणि प्रत्येक धडधाकट पुरुषाकडून वर्षाला जास्तीत जास्त तीन दिवसांचे काम किंवा त्याऐवजी तितके पैसे घ्यावे, असे ठरले. गाव टाळाटाळ करू लागले तर वरिष्ठ अधिकाऱ्याला ते सक्तीने करवून घेता येत असे. आता हीदेखील एका अर्थी वेठच नव्हे काय? तसा आक्षेप त्या काळीही घेतला गेला. मात्र दोहोंत एक भेद होता. जुनी वेठ राजाच्या हमरस्त्यासाठी होती. नवे श्रम आपल्याच गिरणीकडे, बाजाराकडे आणि चर्चकडे जाणाऱ्या वाटेसाठी होते. पुढील कित्येक दशके हे काम चालू राहिले. आज फ्रान्समध्ये ग्रामसंस्थांच्या ताब्यात सुमारे ७ लाख किलोमीटर आणि जिल्ह्यांच्या ताब्यात सुमारे ३ लाख ८० हजार किलोमीटर रस्ते आहेत. ग्रामसंस्था सुमारे ३५ हजार आहेत. म्हणजे सरासरी दर ग्रामसंस्थेकडे वीस किलोमीटर रस्ता येतो. यांतील कित्येक गावांची लोकसंख्या दोनशेच्याही आत आहे.

डोंगरातील या रस्त्यांचा आणखी एक गुण सायकलस्वाराच्या फार उपयोगी पडतो. त्यांची आखणी मोटारीच्या आधी, घोड्याच्या आणि बैलाच्या गाडीसाठी झाली. ओझे ओढणाऱ्या जनावराला फार खडा चढ झेपत नाही, आणि उतारावर गाडी आवरणे त्याहून कठीण. म्हणून अभियंत्यांनी दरीच्या अंगाने लांब वळसे घेत रस्ता वर नेला. अशा रस्त्यांचा चढ साधारणतः शंभर मीटरला पाच-सहा मीटर एवढाच राहतो. जनावरासाठी आखलेली वाट अखेर माणसाच्या पायांना सोयीची ठरली.

तथापि पायांनाही मर्यादा असतेच, आणि येथे यंत्राची कथा सुरू होते. या पहाडाच्या पूर्व कडेला सेंत एत्येन नावाचे औद्योगिक शहर आहे. कोळसा, बंदुका, रेशमी फिती आणि पुढे सायकली यांसाठी ते प्रसिद्ध होते. तेथे पॉल द विवी नावाचा रेशमाचा एक व्यापारी राहत असे. त्याचा जन्म १८५३ चा. ऐन तिशीच्या उंबरठ्यावर तो सायकलीच्या नादी लागला, आणि १८८७ मध्ये त्याने रेशमाचा व्यवसाय सोडून सायकलींचे दुकान आणि सायकलविषयक मासिक दोन्ही सुरू केली. या मासिकात तो ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने लिही, आणि आज जग त्याला त्याच नावाने ओळखते.

सेंत एत्येनहून बाहेर पडणारा जवळजवळ प्रत्येक रस्ता चढाचा. त्या काळच्या सायकलीला एकच दंतचक्र असे. सपाटीवर जो वेग सोयीचा, त्यासाठीच ती बनलेली असे. यातील अडचण थोड्या हिशेबाने स्पष्ट होईल. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो वजन धरले आणि त्याला ६०० मीटर उंचीवर न्यायचे असले, तर सुमारे ५ लाख ३० हजार जूल एवढे काम करावे लागते. सराव असलेला निरोगी माणूस सतत १५० वॉट, म्हणजे अश्वशक्तीचा सुमारे पाचवा हिस्सा, एवढी शक्ती देऊ शकतो. त्या हिशेबाने, हवेचा आणि टायरांचा विरोध सोडून दिला, तर या चढाला एक तास लागेल. चढ शेकडा सहा असेल तर या तासात दहा किलोमीटर अंतर कापले जाईल. आता जी सायकल पायडलच्या एका फेऱ्यात साडेपाच मीटर पुढे जाते, तिच्यावर या वेगात मिनिटाला अवघे तीस फेरे होतात. प्रत्येक फेऱ्याला सारे अंग पायडलवर तोलावे लागते, गुडघे कुरकुरतात, आणि बहुतेक माणसे उतरून सायकल ढकलू लागतात. तीच सायकल एका फेऱ्यात दोन मीटरच्या आसपास जाईल अशी सोय असली, तर मिनिटाला सुमारे ऐंशी फेरे होतात आणि प्रत्येक फेऱ्याचा जोर अडीचपटींहून अधिक कमी होतो. काम तेवढेच, वेळही तेवढाच. परंतु ते पायांना पेलेल अशा लहान लहान घासांत विभागले जाते. गिअरचे रहस्य एवढेच आहे.

वेलोसिओने प्रथम लहानमोठी दोन दंतचक्रे बसवून साखळी हाताने एकीवरून दुसरीवर चढविण्याची युक्ती योजली. मग नाना प्रयोग करीत त्याने आणि त्याच्या परिसरातील कारागिरांनी चालत्या सायकलीवर साखळी बाजूला सरकवणाऱ्या यंत्रणेला उत्तेजन दिले. हा शोध त्याच्या एकट्याचा म्हणता येत नाही. परंतु त्याची बाजू इतक्या चिकाटीने दुसऱ्या कोणी मांडली नाही. विरोधही तसाच झाला. शर्यतींच्या जगात गिअर म्हणजे दुबळेपणाची कबुली मानली जाई. ‘तूर द फ्रान्स’ या सुप्रसिद्ध शर्यतीचा प्रवर्तक आंरी देग्राँज याचे मत असे होते की, गिअर ही पंचेचाळिशी उलटलेल्यांची सोय आहे. १९०३ मध्ये ही शर्यत प्रथम झाली तेव्हा स्पर्धक वेलोसिओच्याच गावाजवळचा १,१६१ मीटर उंचीचा ‘रिपब्लिक’ घाट एकाच दंतचक्रावर ओलांडून गेले. साखळी सरकवणाऱ्या गिअरला त्या शर्यतीत प्रवेश मिळायला १९३७ साल उजाडावे लागले. तोवर साध्या प्रवासी स्वारांनी मात्र हा प्रश्न आपल्यापुरता केव्हाच सोडविला होता.

या वादात केवळ लोखंडाच्या चाकांचा प्रश्न नव्हता. सायकल कशासाठी, हा खरा प्रश्न होता. देग्राँजच्या मते ती पराक्रमासाठी होती. वेलोसिओच्या मते ती पाहण्यासाठी होती. त्याने स्वारांसाठी घालून दिलेले नियम आजही सांगितले जातात. त्यांचा आशय असा: थांबावे क्वचित आणि थोडे, भूक लागण्यापूर्वी खावे आणि तहान लागण्यापूर्वी प्यावे, जेवणावरची वासना किंवा झोप जाईल इतके दमू नये, थंडी वाजण्याआधी कपडा चढवावा, प्रवासात तरी दारू, मांस आणि तंबाखू वर्ज्य करावी, आणि केवळ मिरविण्यासाठी कधीही पायडल मारू नये. तो स्वतः शाकाहारी होता, आणि उतारवयातही दूरदूरच्या मजला मारीत असे. १९३० मध्ये सेंत एत्येनच्या रस्त्यात तो सायकल हाती धरून पायी चालला असता ट्रामच्या धक्क्याने मरण पावला. ज्याने आयुष्यभर निवांत वाटांचा पुरस्कार केला, त्याला शहरातील वर्दळीनेच गाठावे, हे मनाला चटका लावून जाते. रिपब्लिक घाटाच्या माथ्यावर त्याचे स्मारक आहे, आणि १९२२ मध्ये सुरू झालेला ‘वेलोसिओ दिवस’ स्वार तो घाट चढून साजरा करीत आले आहेत.

आता दुसरा प्रश्न उरतो. रस्ते आहेत, सायकल आहे. पण त्यांवरून जाणारे बाकीचे लोक कोठे गेले? याचे उत्तर तितकेसे आनंदाचे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा पहाड माणसांनी गजबजलेला होता. १८५१ मध्ये लोझेर जिल्ह्यात सुमारे १ लाख ४५ हजार लोक राहत. आज ती संख्या ७७ हजारांच्या आसपास, म्हणजे दर चौरस किलोमीटरला जेमतेम पंधरा माणसे, एवढी उरली आहे. क्रझ जिल्हा त्याच काळात २ लाख ८७ हजारांवरून सुमारे १ लाख १५ हजारांवर आला. दक्षिणेकडील सेव्हेन डोंगरात तुतीची झाडे आणि रेशमाचे किडे यांवर घरे चालत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर किड्यांवर रोग पडला. त्याचे कारण शोधण्यासाठी लुई पाश्चर १८६५ पासून काही वर्षे आलेस गावी येऊन राहिला आणि त्याने उपायही शोधला. परंतु तोवर पूर्वेकडील देशांतून स्वस्त रेशीम येऊ लागले होते. द्राक्षवेलींवर निराळी कीड आली. कोळशाच्या खाणी, कारखाने आणि रेल्वे यांनी तरुणांना खाली ओढून नेले. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धाने फ्रान्सचे जवळजवळ १४ लाख सैनिक घेतले. या डोंगरातील अगदी लहान गावीही चर्चजवळ एक दगडी स्तंभ असतो. त्यावर कोरलेली नावे मोजावी आणि मग सभोवारची उघड्या दारांची घरे मोजावी. पुष्कळदा नावेच अधिक भरतात.

मोटार आली तेव्हा ही गावे अर्धी रिकामी झालीच होती. त्यानंतर लांब पल्ल्याची वाहतूक रुंद महामार्गांनी उचलून नेली. क्लेर्माँ-फेराँहून दक्षिणेस जाणाऱ्या महामार्गावर २००४ मध्ये तार्न नदीच्या दरीवरचा मियो येथील प्रचंड पूल खुला झाला, आणि पूर्वी ज्या घाटांत मोटारींच्या रांगा लागत, ते घाट पुन्हा निवांत झाले. अशा रीतीने जुने रस्ते कायम राहिले आणि गर्दी मात्र अन्यत्र गेली. सायकलस्वाराला जी शांतता लाभते, ती ही.

या स्थित्यंतराचा अर्थ एखाद्या वाटेवर प्रत्यक्ष उमगतो. ऱ्होन नदीच्या काठच्या ला व्हूल्त गावापासून एरिय नदीच्या दरीतून पूर्वी एक अरुंद रुळांची रेल्वे पहाडावर जात असे. ती १९६८ मध्ये बंद झाली. रूळ गेले; बोगदे, पूल आणि स्थानकांच्या इमारती उरल्या. आज त्याच वाटेवर मोटारींना मज्जाव असलेला सायकलमार्ग आहे. त्याच्या शाखांसह लांबी सुमारे ९० किलोमीटर भरते. आगगाडीला फार चढ चालत नसल्यामुळे लहान मूल आणि वृद्ध गृहस्थ या दोघांनाही तो झेपतो. ही वाट सुमारे हजार मीटर उंचीवरच्या सेंताग्रेव्ह गावी पोचते. तेथून पूर्वी रेल्वे पुढे शाँबाँ या गावी जाई. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या अमलाखाली फ्रान्स असताना, याच आडबाजूच्या पठारावरील लोकांनी अनेक ज्यू निर्वासितांना, विशेषतः मुलांना, आपल्या घरांत लपवून वाचविले. त्यांतील कितीतरी या छोट्या गाडीने वर आले होते. १९९० मध्ये इस्रायलच्या स्मारकसंस्थेने या लोकांचा सामुदायिक गौरव केला. ज्या दुर्गमतेने पठाराला दरिद्री ठेवले, तिनेच एके काळी जीव वाचविले, हे येथून जाणाऱ्याला ठाऊक असलेले बरे. पुढे पठारावर १,५५१ मीटर उंचीचा झेर्बिए द जाँ हा सुळका लागतो आणि त्याच्या पायथ्याशी हजार किलोमीटर लांबीच्या ल्वार नदीचा उगम आहे.

अशा प्रवासाला फार साहित्य लागत नाही, मात्र तारतम्य लागते. नकाशा येथे स्वाराचा खरा सोबती असतो. मिशेलँ कंपनी मूळ याच पहाडातील क्लेर्माँ-फेराँची. तिच्या नकाशांवर मोठे रस्ते तांबडे, मधले पिवळे आणि आतले पांढरे दाखविलेले असतात. रस्त्यावरचा बाण चढाची दिशा सांगतो. एक बाण बेताचा चढ, तीन बाण छातीचा कस पाहणारा. जाणते स्वार तांबडे टाळतात आणि पिवळ्यांहून पांढऱ्यांवर अधिक विश्वास ठेवतात. गावातील दुकाने दुपारी बंद असतात, कित्येक सोमवारी उघडतच नाहीत. तेव्हा भाकरीची तजवीज आधी करावी लागते. उतारावर ब्रेक सतत दाबून धरण्याऐवजी आलटून पालटून वापरावे लागतात, नाहीतर चाकाची कड तापते. हिवाळ्यात पठारावर ‘ब्यूर्ल’ नावाचा हिमकण उडविणारा वारा सुटतो. त्या दिवसांत तेथे सायकलीचे काम नाही.

या निवांतपणाला एक सीमा आहे. रस्त्यावरची शांतता वाढत जाऊन गावातील शेवटची बेकरी बंद झाली, शाळेला मुले उरली नाहीत, आणि वीस किलोमीटर रस्त्याचा भार शंभर म्हाताऱ्या माणसांवर पडला, तर रस्ता फार काळ टिकणार नाही. त्रेझागेने सांगितल्याप्रमाणे रस्ता रोज सांभाळावा लागतो. एका हिवाळ्यात मोरी तुंबली की पुढच्या पावसात कडा ढासळते. रस्ता निर्जन हवा, पण परिसर निर्जन नको, असे हे नाजूक गणित आहे. सायकलस्वार गावात शिरतो, पाव घेतो, कॉफी पितो, रात्री मुक्काम करतो. मोटारीने वेगाने जाणारा यांतले काहीच करीत नाही. त्यामुळे गाव जगविण्यात स्वाराचा वाटा लहान असला तरी खरा आहे. तेथील जिल्ह्यांनी जुने लोहमार्ग सायकलींसाठी मोकळे केले, ते हा हिशेब मांडूनच.

कोकणातील माणसाला हे सारे ऐकताना आपल्याच घराची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. तेथील डोंगरातली माणसे खाणींत आणि कारखान्यांत गेली. आपली मुंबईच्या गिरण्यांत गेली. गणपती आणि शिमगा एवढे सोडले तर कुलूप न निघणारी घरे दोन्हीकडे आहेत. आपल्याकडे रस्ते मात्र उशिरा आले. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेने देशातील वाड्यावस्त्यांना जोडणारे लक्षावधी किलोमीटर रस्ते बांधले, आणि पहिल्या पाच वर्षांच्या देखभालीची अटही कंत्राटातच घातली. सहाव्या वर्षापासून काय, हा प्रश्न फ्रान्सने १८३६ मध्ये स्वतःला विचारला होता. त्याचे जे उत्तर त्या देशाने शोधले, त्यावरून आज, जवळजवळ दोन शतकांनंतर, एखादा परदेशी स्वार मैलोन्‌मैल एकटा निर्धास्त जातो. घाटमाथ्यावर पोचल्यावर तो सायकल दगडाला टेकवून मागे पाहतो, तेव्हा त्याला खाली दिसते ती वळणावळणाची वाट कोणा एका राजाने बांधलेली नसते. गावोगावच्या माणसांनी दरवर्षी तीन दिवस देऊन ती वर आणलेली असते.